सव्वीस सरदार आणि एक खिडकी

माझे धाकटे दीर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षे बाइंडर होते. सुटलेली पुस्तके पुन्हा शिवायची, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवून द्यायचे, हे त्यांचे काम. या एकतीस वर्षांत त्यांनी एकदाच बढती घेतली, आणि ती घेण्याआधी घरातल्यांना जो ताप दिला तो माझ्या रोजनिशीत तारीखवार आहे. रोजनिशी मी तेराव्या वर्षापासून लिहिते. तेव्हा पुढे जे सांगते आहे त्यात आठवणीचा भाग कमी आणि नोंदीचा जास्त आहे.

भाऊजी अंगाने लहानखुरे. उजव्या अंगठ्याचे नख पुठ्ठे घासून घासून चपटे झालेले. कसलीही घडी दिसली की त्यावरून ते नख फिरवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. वर्तमानपत्र, टॉवेल, पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल, सगळ्यांवरून नख फिरायचे. एकदा डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, तर तिची घडी मोडून यांनी ती सरळ घालून परत डॉक्टरांच्याच हातात दिली आणि औषध न घेता घरी आले.

माझे यजमान गेल्यानंतर घराचे दोन भाग झाले. पुढच्या दोन खोल्या माझ्या, मागची एक भाऊजी आणि धाकट्या जाऊबाईंची. स्वयंपाकघर मधे, दोघींचे मिळून. त्याला खिडकी नव्हती. मिरच्या परतायला घेतल्या की आम्ही तिघेही तीन खोल्यांत बसून एका सुरात खोकत असू.

धाकटीला खिडकी हवी होती. नुसती कुठलीही नव्हे. ग्रंथालयाच्या मागे मुख्य बाइंडरसाठी दोन खोल्यांचे घर होते, त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी. एकदा डबा द्यायला गेली असताना तिने ती कुंपणावरून पाहिली आणि घरी येऊन नजरेच्या मापाने निळ्या चौकटींचा पडदा शिवला. तो सहा वर्षे ट्रंकेत पडून होता. वर्षातून दोनदा ती तो बाहेर काढून इस्त्री करायची.

आता भाऊजींच्या सरदारांविषयी सांगायला हवे.

पुस्तक सुटते ते पुढून आणि मागून. छापलेल्या कागदाची सोळा पानांची घडी असते, तिला फर्मा म्हणतात. पहिला आणि शेवटचा फर्मा पुठ्ठ्याला चिकटलेला, म्हणून सगळी ओढाताण त्यांच्या वाट्याला येते. मधले फर्मे एकमेकांना धरून बसतात. बांधणीच्या खोलीत 'येथे वाचन करू नये' अशी पाटी होती. भाऊजी नियमाला पक्के. पण जे पान आपण होऊन हातात आले ते खळ वाळेपर्यंत पाहणे म्हणजे वाचन नव्हे, तपासणी, असे त्यांनी ठरवले होते. शिवण शाबूत असलेल्या भागात मात्र ते कधी डोकावले नाहीत.

आणि त्यांच्याकडे सर्वांत जास्त काय येई, तर जुन्या इंग्रजी शोकांतिका. दरवर्षी परीक्षेत नायकाच्या उत्कर्षावर एक आणि अधःपातावर एक प्रश्न हमखास असायचा. मुले पहिला अंक वाचत आणि शेवटचा. मधल्या पानांवर चहाचा डागसुद्धा सापडत नसे. भाऊजींचे इंग्रजी शाळेपुरते होते. अडलेले शब्द ते पुठ्ठ्याच्या कातरणांवर लिहून आणत आणि चहाच्या वेळी मला विचारत. अशी वीस वर्षे गेल्यावर एके दिवशी त्यांनी कप खाली ठेवला.

"वहिनी, मी मोजलंय. सव्वीस झाले."

"काय सव्वीस?"

"नायक. पहिल्या फर्म्यात प्रत्येकाला काहीतरी मिळतं. कुणाला किल्ला, कुणाला सैन्य, कुणाला सुभा. ढोल वाजतात. आणि शेवटच्या फर्म्यात चार माणसं येऊन त्याला उचलून नेतात. सव्वीसच्या सव्वीस! एकही पेन्शनपर्यंत पोचला नाही."

"अहो, मधे काहीतरी घडत असेल ना."

"तेच तर विचारतोय. मधे काय होतं?"

इथे मला एक कबुली द्यावी लागते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आम्हाला याच शोकांतिका होत्या आणि शिकवणाऱ्या सिस्टर अतिशय कडक होत्या. मधल्या अंकांत कट, खून आणि चुंबने असतात, ती मुलींच्या उपयोगाची नाहीत, असे त्यांचे मत. म्हणून प्रत्येक मुलीच्या पुस्तकातली मधली पाने त्यांनी एका मोठ्या सेफ्टी पिनेने बंद केली होती आणि दर शुक्रवारी त्या पिना तपासत. आम्ही सिंहासनावरून थेट तिरडीवर जात असू. 'महत्त्वाकांक्षेचे परिणाम' या निबंधाला मला शाळेत पहिले बक्षीस मिळाले, ते असे दोन अंकांच्या जोरावर.

"मधे ते हळूहळू बिघडतात," मी म्हणाले.

"हळूहळू म्हणजे किती पानं?"

मी दूध बघायला उठले. दूध गॅसवर नव्हतेच.

त्या वर्षी तीन जूनला ग्रंथपालांनी भाऊजींना बोलावले. चाळीस वर्षे ग्रंथालयात काढल्यामुळे हे गृहस्थ कुजबुजूनच बोलत, बाजारात भाजी घेतानासुद्धा. मुख्य बाइंडर महिनाअखेर निवृत्त होणार होते. ती जागा तुम्ही घ्या, मागचे घरही मिळेल, असे ते कुजबुजले.

भाऊजी घरी येऊन 'मागचे घर' एवढेच बोलले, तोवर धाकटी ट्रंक उघडून पडदा झटकत होती.

"मग? काय सांगितलंत?"

"विचार करून सांगतो म्हणालो."

"विचार? खिडकीवर कसला विचार करायचा असतो?"

"अगं, खिडकी एकटी नाही येत. तिच्याबरोबर पद येतं."

"मग पद घ्या आणि मुकाट्यानं खिडकीत बसा."

"सव्वीस जण गेले आजवर. थट्टा नाही."

"ते राजवाड्यात होते! तुम्ही खळीच्या पातेल्यापाशी!"

"सुरुवातीला सगळे साधेच असतात. पहिला फर्मा बघ."

धाकटी माझ्याकडे वळली. "ताई, ह्यांना इंग्रजी तुम्ही शिकवलंत. आता तुम्हीच निस्तरा. तुमच्या त्या मेल्या सरदारांनी माझा संसार धुरात घातला."

ग्रंथपालांनी तीस तारखेपर्यंत मुदत दिली होती. भाऊजी नाही म्हणाले तर जागा लांबूला जाणार होती. लांबू म्हणजे बांधणीखात्यातला खळ शिजवणारा. वय सेहेचाळीस. इतका उंच की दारातून वाकून यायचा आणि तसाच वाकलेला राहायचा. भाऊजी अडले आहेत हे कळल्यावर त्याने मुख्य बाइंडरच्या स्टुलावर बसून पाहायला सुरुवात केली होती.

"देऊन टाका की त्याला," मी एकदा मुद्दाम म्हणाले.

"कसं देऊ, वहिनी? त्याच्या घरी तीन मुली आहेत. त्याचं काही बरंवाईट झालं तर माझ्या डोक्याला कायमचा घोर." मग जरा विचार करून म्हणाले, "आणि एवढ्या माणसाला उचलायला चार जण पुरायचे नाहीत."

धाकटीने तोंडाने बोलणे सोडले आणि मिरच्यांनी बोलू लागली. दोन्ही वेळा मिरच्या, दार लावून. बारा तारखेच्या नोंदीत मी लिहिले आहे, 'डोळे पाण्याने भरल्यामुळे आज एवढेच.' भाऊजींना खोकल्याची उबळ आली की ती दाराआडून म्हणायची, "जपून हं. पद न घेताच गेलात तर सत्ताविसावे म्हणून धरायचे नाहीत तुम्हाला."

अशा तऱ्हेने पंधरवडा गेला. एकोणीस तारखेला ग्रंथालयाच्या गच्चीवरची टाकी भरून वाहिली. नळ बंद करायचा राहिला होता. पाणी छतातून झिरपून नेमके इंग्रजी शोकांतिकांच्या कपाटावर उतरले. चाळीस पुस्तके भिजली. खळ विरघळली, दोरे सुटले आणि जन्मात कधी न सुटलेले मधले फर्मे पाण्यावर तरंगू लागले. परीक्षा पुढच्या महिन्यात. बांधणीच्या खोलीत दोऱ्या पुरेनात, तेव्हा ग्रंथपालांनी बारा पुस्तके भाऊजींना घरी वाळवायला दिली आणि बाकीची लांबूच्या ताब्यात ठेवली.

भाऊजी दोन टोपल्या घेऊन आले. आम्ही माझ्या पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच दोऱ्या बांधल्या आणि घरातले सगळे चिमटे लावून पाने वाळत घातली. आमचे धुणे तसेच बादलीत राहिले. खोलीतून जायचे तर वाकून जावे लागे. लांबूला कसे वाटत असेल ते तेव्हा कळले.

पण खरी अडचण पुढेच होती. पानांचे आकडे ज्या कोपऱ्यात छापलेले, नेमके तेच कोपरे गळून गेले होते. कोणते पान कोणत्या मागे, हे वाचूनच ठरवावे लागणार होते.

"पानं आपण होऊन हातात आली आहेत," भाऊजी गंभीरपणे म्हणाले. "आता वाचलं नाही तर कामचुकारपणा होईल."

मग चार दिवस आमच्या घरी मधले अंक वाचले गेले. मी वाचायची आणि अर्थ सांगायची, भाऊजी दोरीवरून पाने उतरवून क्रम लावायचे. धाकटी अबोला धरून भाजी चिरत बसली होती. तो अबोला एका किल्लेदाराने मोडला. त्या माणसाला राजाने पहिल्या अंकात किल्ला दिला होता आणि शेवटी तो कसा मेला हे भाऊजींना तोंडपाठ होते.

"हं, किल्ल्यावर राहायला आला," मी सांगत होते. "सगळं ठीक चाललंय."

"बायको आहे?" धाकटीने मान वर न करता विचारले.

"आहे. ती म्हणते, आता झोपा."

"शहाणी आहे. झोपतो का?"

"नाही. खिडकीत उभा राहून शेजारच्या सुभ्याकडे बघतोय."

"बघा!" धाकटीची सुरी हवेत थांबली. "घराला खिडकी आहे आणि हा बघतो कुठे तर सुभ्याकडे! मला द्या म्हणावं ती खिडकी. मी नुसती हवा घेईन."

त्यानंतर ती ओढून घेतल्यासारखी आमच्यात बसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचे एक निदान काढले. "ताई, हा माणूस दोन अंक जेवलेला नाही."

"लिहायचं राहिलं असेल."

"असं कसं राहील? पत्र आलं लिहिलंय, घोडा आला लिहिलंय, मग ताट आलं असतं तर लिहिलं नसतं? पुढचा बघा, तो जेवतो का."

पुढचा जेवायला बसला होता, पण ताटावरून उठून गेला. त्याच्या पुढच्याने पाहुण्यांना जेवू घातले आणि आपण उपाशी राहिला. मी इतकी वर्षे या लोकांच्या अधःपाताची कारणे शोधत होते, पण ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. सिस्टरांच्याही आली नसावी.

तेवीस तारखेला दुपारी चारच्या सुमाराला भाऊजी दोन्ही हातांत एकेक फर्मा घेऊन दोरीखाली उभे राहिले ते हलेचनात. मला वाटले कंबर धरली.

"वहिनी," ते म्हणाले, "पहिल्या बढतीनं कुणीच मेलेलं नाही."

"म्हणजे?"

"बाराही पुस्तकं लागली. बघा तुम्ही. पहिलं पद मिळाल्यावर माणूस वीस-पंचवीस पानं मजेत असतो. मित्र येतात, गाणी होतात, बायकोशी थट्टामस्करी चालते. कुणी आजारीसुद्धा पडत नाही. मग त्याला दुसरं पद दिसतं, आणि त्या पदावर आधीच कुणीतरी बसलेला असतो. तिथून सगळं सुरू होतं. मित्र सांगतो पुरे, म्हातारी दाई सांगते पुरे, एकात तर घोड्याचा मोतद्दार सांगतो. ऐकत नाही कुणाचं."

"मग पहिलं घ्या ना!" धाकटी उभी राहिली, ती डोक्यावरच्या दोन पानांसकट. "पहिलं घ्या आणि पंचवीस पानं मजेत राहा. मी सांगते पुरे. रोज सांगेन. सकाळ-संध्याकाळ सांगेन!"

"घेईन," भाऊजी म्हणाले. "पण दुसऱ्याचा आधी बंदोबस्त करून."

तो बंदोबस्त म्हणजे एक अर्ज. तीन वेळा खर्डा केला. शेवटच्याची नक्कल माझ्याकडे आहे:

'मुख्य बाइंडरचे पद मी पुढील अटींवर स्वीकारतो. एक, यापुढे कोणत्याही परिस्थितीत मला ग्रंथपालाचे पद देऊ नये. दोन, मी स्वतः ते मागितल्यास तो आजार समजावा आणि माझ्या पत्नीस तत्काळ कळवावे.'

मी म्हणाले, दुसरे कलम गाळा. ते म्हणाले, तेच तर मुख्य आहे.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन ते ग्रंथपालांसमोर उभे राहिले. पुढचे संभाषण लांबूने दाराआडून ऐकले आणि पुढे कित्येक वर्षे दोघांचे आवाज काढून सांगितले.

ग्रंथपालांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. मग चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज वाचनकक्षापर्यंत गेला.

"माझं पद तुम्हाला देतंय कोण?"

"कुणी देऊ नये म्हणूनच तर, साहेब."

"अहो, त्याला पदवी लागते!"

"पदवी मिळवायचा मोह होऊ शकतो. आत्ताच बंदोबस्त बरा."

"पण त्या पदावर मी आहे! मी जिवंत आहे!"

"तेच, साहेब. तुम्ही जिवंत राहावं म्हणूनच ही धडपड. बारापैकी अकरा पुस्तकांत वरच्याला आधी मारावं लागतं."

ग्रंथपालांनी खुर्ची हातभर मागे घेतली. अर्ज खणात टाकला, खणाला कुलूप लावले आणि "कळवतो" असे अगदी हळू कुजबुजले.

झाले. सगळा खेळ आटोपला असे आम्हाला वाटले. धाकटीने पडद्याची घडी घालून तो ट्रंकेच्या पार तळाशी ठेवला. मिरच्यासुद्धा परतल्या नाहीत. भाऊजी तिच्या आसपास उगाच घुटमळत राहिले. टॉवेलाची घडी त्यांनी चार वेळा घातली. "पत्र जरा सरळच लिहिलं असतं तर बरं झालं असतं का?" असे त्यांनी मला विचारले. मी "हो" म्हणाले.

पुस्तके बांधून परत गेली ती अठ्ठावीसला. भाऊजींची बारा, लांबूची अठ्ठावीस. लांबूला वाचनाचा नाद नव्हता. त्याने पाने रंगावरून आणि अंदाजाने लावली होती. इंग्रजीच्या प्राध्यापकांनी त्यातले एक वर्गात नेले आणि पाऊण तासाने लालबुंद होऊन ग्रंथपालांकडे आले. त्या पुस्तकातला सरदार चाळिसाव्या पानावर मरत होता, पन्नासाव्यावर त्याला पुरत होते आणि सत्तराव्यावर राजा त्याला सेनापती नेमत होता.

लांबूला बोलावले. त्याला आपली चूक शेवटपर्यंत पटली नाही. "आधी मेला, मग सेनापती झाला," तो म्हणाला. "शेवट किती गोड आहे, साहेब. राहू द्या तसाच."

मग ग्रंथपालांनी भाऊजींनी बांधलेली बाराही पुस्तके मागवली आणि दोन दिवस दार लावून वाचली. त्यांच्याजवळ दोन पदव्या होत्या, पण मधले अंक त्यांचेही राहून गेले असावेत असा मला दाट संशय आहे. तीस तारखेला त्यांनी खणाचे कुलूप काढले आणि भाऊजींचा अर्ज परत दिला. खाली लाल शाईत शेरा होता: 'अटी मान्य. कलम दोन विशेष मान्य.'

दोन जुलैला आम्ही मागच्या घरात सामान लावले. धाकटी चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि पडदा खिडकीला लावून पाहू लागली. मागे आम्ही दोघे उभे. कुंपणावरून पाहिलेली खिडकी जवळून पाहिली तर बरीच मोठी निघाली होती.

"आखूड आहे," ती म्हणाली.

"पट्टी जोडून देतो," भाऊजी म्हणाले. "निळं कापड आहे बांधणीचं. पण आता याहून मोठी खिडकी मागू नकोस हं."

"मी कशाला मागू? मी काय सुभा बघायला उभी राहणार आहे?"

ती पट्टी त्यांनी पुस्तकाच्या टाक्याने शिवली. पडदा फाटला, पट्टी अजून आहे.

मुख्य बाइंडर म्हणून भाऊजींनी अकरा वर्षे काढली. मधे ग्रंथपाल निवृत्त झाले, तेव्हा हे आठवडाभर रजा टाकून घरात बसले, कुणी चुकून विचारू नये म्हणून. कुणी विचारले नाही. धाकटी मात्र दिलेल्या शब्दाला जागली. रोज सकाळी डबा हातात देताना "पुरे हं" म्हणायची. ते "पुरे" म्हणून निघायचे. निवृत्तीच्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सत्ताविसावा पोचला, वहिनी."

चार वर्षांपूर्वी ते गेले. साध्या तापाने, आपल्या अंथरुणात, पोटभर जेवून. उचलायला चार माणसे आली, ती काही कुणाला चुकत नाहीत. चौघांत लांबू होता, नेमका त्या दिवशी ताठ, त्यामुळे एक कोपरा शेवटपर्यंत वर राहिला. धाकटी रडता रडता म्हणाली, "ताई, त्याला वाकायला सांगा."

माझ्या रोजनिशा भाऊजीच बांधून देत असत. दरवर्षी एक, काळ्या पुठ्ठ्यात. बढतीच्या वर्षीची बांधताना त्यांनी मधला फर्मा कसा शिवला कोण जाणे, पण ती वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली की आपोआप दोन जुलैवर उघडते. त्या पानाची पहिली ओळ अशी आहे: 'खिडकी मोजली. पडदा वीतभर आखूड.'